माळावरचे बटाटे आणि मामाच्या मेंढ्या

कवठे येमाई, ता. शिरूर
१२ मार्च १९६१

प्रिय भैरूदादास गिताचा नमस्कार.

इकडे मी खुशाल, बैल खुशाल, तुझे दाजीही खुशाल. तुझी आणि कळपाची खुशाली कळव. पत्र यवतला बाळासोंच्या दुकानी पाठवते आहे, बाजारच्या दिवशी ते तुला वाचून दाखवतील. बाळासो, मोठ्यानं वाचा, आणि आमच्या मालकांबद्दल काही वावगं आलं तर गाळू नका.

दादा, मी तुला बोलवायला लिहीत नाही. तूच म्हणाला होतास ना, "दाजी सोता बोलवंस्तवर त्या वेशीत पाय ठिवनार न्हाई"? मग राहा तिकडंच. मला फक्त बटाट्यांची हकिकत सांगायची आहे.

दोन वर्षांमागं तू घरामागच्या माळाच्या तुकड्यात मेंढ्या बसवायला आलास, तेव्हाचं आठवत असेलच. नव्या कौलारू घराच्या ओट्यावरून हे म्हणाले, "लेंड्यांचा जमाना गेला, पाव्हणं. आता पांढरं खत हाय, पावडर हाय. घरात मेंढरांचा वास नगं." तू मेंढ्या कोंडायची वाघर गुंडाळलीस आणि चालता झालास. मी चहाचा कप घेऊन दारात उभी होते. तो चहा मग ह्यांनीच प्यायला.

यंदा त्या माळात बटाटे लावले. खालच्या मळ्यातही लावले, जिथं तू रुसून जाईस्तोवर तुझा कळप वर्षानुवर्षं बसत आला होता. मुळं कुरतडणाऱ्या हुमणीच्या अळ्यांनी उच्छाद मांडला होता, म्हणून दोन्हीकडे बी.एच.सी. पावडर टाकली. पोतं एक, टाकणारा हात एक. माळावरचे बटाटे असे देखणे निघाले की हे ते धोतरानं पुसत बसायचे.

गेल्या महिन्यात केंदूरचे सोपानराव आपल्या मुलासाठी आमच्या लेकीला, म्हाळसाला बघायला आले. भाजी माळावरच्याच बटाट्यांची करायची, असा ह्यांचा हुकूम. म्हाळसानं केली, आणि तिनं केली हे आम्ही मोठ्या तोंडानं सांगितलंही. सोपानरावांनी पहिला घास घेतला आणि थांबले. माणूस सभ्य. पाणी प्यायले, दुसरा घास घेतला, परत पाणी प्यायले. त्यांच्या धुरपदाबाई तेवढ्या सभ्य नाहीत. म्हणाल्या, "फोडनी कशाची दिलीया? ढेकनाच्या पावडरीची?"

मी चाखून पाहिली. खरंच, ओल धरलेल्या गोणपाटासारखा कोंदट, औषधी वास. हे म्हणतात, "नवी जात हाय, वास आसतुया तिला!" आणि ते खरं करून दाखवायला दोनदा भाजी मागून घेतली. दिवसभर ढेकर देत होते.

मग केंदूरहून निरोप आला, पोरगी देखणी आहे पण हाताला चव नाही. दादा, तेव्हा मात्र मला हसू आलं नाही. पोर चुलीपुढं बसून रडली. असं नाव एकदा गावोगाव गेलं की पुसता येत नाही.

खालच्या मळ्यातल्या बटाट्यांना तो वास नव्हता, म्हणून हे उठले ते दोन्ही रानांतले बटाटे पिशवीत घालून थेट शिरूरला, शेती खात्याच्या साहेबांकडं. साहेबांनी आधी कानउघाडणी केली की बटाट्याला ही पावडर टाकूच नये, तो वास धरतो. मग समजावलं. खालच्या मळ्यात मेंढ्यांचं कुजलेलं खत मुरलंय, पावडर त्यालाच चिकटून बसते, बटाट्याच्या वाट्याला थोडीच येते. माळाच्या मुरमात तिला धरून ठेवायला काहीच नाही, ती मोकळी फिरते आणि बटाटा ओढून घेतो. आणि खत एकदा टाकून भागत नाही, सालोसाल पडावं लागतं.

तू फार हुरळू नकोस. खताला चिकटलेली पावडर हुमणीलाही कमीच लागते म्हणे. म्हणजे तुझ्या मेंढ्यांनी आमच्या किड्यांवरही माया केली.

मग आम्ही केंदूर गाठलं. मीही गेले, नाहीतर ह्यांनी तिथं भांडण काढलं असतं. धुरपदाबाईंच्याच चुलीवर दोन पातेल्यांत दोन रानांचे बटाटे उकडले, नुसत्या पाण्यात. बाईंनी एक खाल्ला, थुंकला, दुसरा खाल्ला आणि आणखी एक घेतला. म्हणाल्या, "पोरीचा गुन्हा न्हाई. रानाचा हाय."

साहेबांचं खताचं बोलणं मी सांगितलं, तसं सोपानरावांनी विचारलं, "खालच्या रानात कळप कुनाचा बसायचा?"

"आमच्या मेव्हन्याचा," हे म्हणाले.

"मंजी नवरीचा मामा! मग लग्नात गाठ पडंलच."

"व्हय, व्हय," हे म्हणाले, आणि माझ्याआधीच कवठ्याच्या वाटेला लागले.

आता खरं लिहिते. लग्न वैशाखात धरलंय. अंतरपाट धरला की म्हाळसाच्या पाठीशी मामा लागतो. आपल्या चुलतभावाला उभं करू का, असं मी तिला विचारलं. म्हणाली, "मग म्या बी हुबी ऱ्हानार न्हाई." तुझ्यावरच गेली आहे. आणि मलाही तू हवा आहेस रे. दोन भाऊबिजा मी चंद्राला ओवाळलं. चंद्र ना ताटात काही टाकतो, ना लाडवाला नावं ठेवतो.

दाजींनी स्वतः बोलवावं हा तुझा हट्ट मला कळतो. "चुकलं" हा शब्द ह्यांच्या तोंडून मी कधी ऐकलेला नाही, तू ऐकशील असंही वाटत नाही. पण काल सकाळपासून घरामागं ठोकाठोक चालली आहे, आणि मला तिकडं फिरकू देत नाहीत. खाली थोडी जागा सोडून कागद त्यांच्याच हातात देते.

मेंढ्यांसकट तुझी वाट बघणारी,
गिता

राम राम पाव्हणं. माळाच्या तुकड्यात वाघरीच्या मेखा ठोकल्यात. लग्नाचा मांडव बी त्याला लागूनच घालनार हाय. वास यील, यिऊ द्या. ह्या टायमाला च्याचा कप घिऊन दारात म्या हुबा हाय.

तुमचा दाजी,
ज्योतिबा