चंद्रीच्या तोंडी मी घातलेले शब्द

प्रिय वसंतकाका,

वर्ध्याच्या नलिनीताई रविवारी रायपूरला येत आहेत. चंद्रीला भेटायला. तुम्हाला जाऊन अडीच महिने झाले, आणि हे त्यांना ठाऊक नाही, कारण मी सांगितलेलं नाही. म्हणून आज लिहायला बसलो. सकाळपासून दुकानातले चारही कीबोर्ड दोनदा पुसून झाले, आता पुसायलाही काही उरलं नाही.

तुम्ही पहिल्यांदा आमच्या बूढापाऱ्यातल्या दुकानात आलात ते पेन्शनचा अर्ज टाइप करून घ्यायला. राज्य नवीन झालं होतं, समोरचा रस्ता खोदलेला होता आणि गिऱ्हाईक फळीवरून तोल सावरत आत येत होतं. तुम्ही खुर्चीत बसत म्हणालात, "राजधानी झाली म्हणते आपलं गाव. आपल्याले कोणी विचारलं का बे?"

मी म्हणालो, नाही.

"मंग चाल, आपण आपली काढू."

मला ती थट्टा वाटली. पण दुसऱ्या दिवशी तुम्ही वहीत नदी काढून आणलीत, घाट काढून आणलेत, आणि महिन्याभरात इंटरनेटवर आपला फोरम सुरू झाला. एक खोटं शहर. जो येईल त्याने तिथला एक रहिवासी व्हायचं आणि रोज त्याच्या तोंडचं लिहायचं. कोणी वैद्य झालं, कोणी कोतवाल. तुम्ही झालात चंद्री, नाव वल्हवणारी, तिखट जिभेची तरणी बाई. रेल्वेचा निवृत्त गार्ड, एवढी मोठी मिशी!

"काका, लोकांना काय वाटेल?" मी विचारलं.

"मिशी दिसते का तिथं?"

नियम मी लिहिले. सतरा. तुम्ही ते वाचून पोट धरून हसलात. "मुकुंदा, खेळ आहे का रेल्वेचं रूलबुक? काहून एवढा घाबरून राहिला?" काका, अकरावीत नापास झालेल्या मुलाला नियम करायला याआधी कोणी सांगितलं होतं? मी प्रत्येक ओळ चार वेळा तपासली होती. पहिला नियम सगळ्यात महत्त्वाचा होता : दुसऱ्याच्या पात्राच्या तोंडी एक शब्दही घालायचा नाही. अकोल्याच्या त्या सभासदाने वैद्याच्या तोंडी दोन वाक्यं घातली, तेव्हा मी त्याला काढून टाकलं. तुम्ही म्हणालात, "जाऊ दे ना बे, दोनच तर आहेत." मी ऐकलं नाही.

आता ऐका मी काय केलं ते.

तेरवीला काकूंनी मला आत बोलावलं. म्हणाल्या, "सगळ्यांले कळवलं. रेल्वेवाल्यांले, भिलाईच्या नणंदेले. तुमच्या त्या कम्प्युटरातल्या माणसांले कोण सांगणार?" मी म्हणालो, सांगितलं काकू. का म्हणालो? रात्री सांगू, उद्या सांगू, असं मनात होतं. मजकूर लिहून ठेवला होता. रोज उघडायचो, एक शब्द बदलायचो, बंद करायचो.

आणि नववा नियम होता. तीस दिवस कोणी लिहिलं नाही तर त्याचं घर बंद, जागा दुसऱ्याला. चंद्रीच्या घाटासाठी दोघे जण रांगेत होते. परगावी गेलेल्यांसाठी, रुसलेल्यांसाठी, परीक्षेला बसलेल्यांसाठी मी सवलत ठेवली होती. मेलेल्या माणसासाठी काहीच ठेवलं नव्हतं. तुम्ही तरी आठवण करून द्यायचीत की नाही?

एकोणतिसाव्या दिवशी मी चंद्रीच्या नावाने आत शिरलो आणि चार ओळी लिहिल्या. पासवर्ड मला ठाऊकच होता. तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा दोन महिने तुम्ही सांगत होतात आणि मी टाइप करत होतो. बोटांना सवय होती, काका. त्यांना कोणी सांगितलंच नाही की आता मागे खुर्चीत कोणी नाही.

मग अजून लिहिलं. एकूण अकरा वेळा. एकदा कोतवालाला असं उत्तर दिलं की मलाच हसू आलं, अगदी तुमचं वाटलं.

नलिनीताई तेवढ्या फसल्या नाहीत. फोरमवर त्या जकातदारीण, घाटावर चंद्रीशी रोज भांडण. त्यांनी चंद्रीच्या नावावर खाजगी निरोप धाडून विचारलं, "चंद्री हल्ली शिव्या कमी देते. तब्येत बरी आहे ना?" मला शिव्या लिहिता येत नाहीत, काका. तुम्हाला ठाऊक आहे.

गेल्या आठवड्यात त्यांचा पुन्हा निरोप आला. "शाळेला सुट्टी लागली. तीन वर्षं लिहून भांडलो, आता समोरासमोर भांडू. तुमच्यासाठी हिरवं लुगडं घेतलंय, नको म्हणायचं नाही." खाली फोन नंबर. त्यांना वाटतं चंद्री लिहिणारी कोणी बाई आहे. ते सांगायचं तुमचं राहून गेलं, हा दोष तुमचा. पण मी काय उत्तर दिलं? "या." चंद्रीच्या नावाने. अकोल्याच्या माणसाची दोन वाक्यं या एका शब्दापुढे काय होती?

फोरमवरचे सगळे निघून जातील, ही माझी खरी भीती आहे. तुमचं एवढंच माझ्याजवळ आहे. पण एक बाई लुगडं घेऊन गाडीत बसेल आणि स्टेशनवर मी उभा असेन, हे मला झेपणार नाही.

म्हणून वचन देतो. हे पत्र संपलं की काकूंकडे जाईन आणि तेरवीला खोटं बोललो ते सांगेन. त्यांच्याच घरून नलिनीताईंना फोन करेन, लिहून ठेवलेलं न वाचता. मग फोरमवर सगळं मांडेन, त्या अकरा मजकुरांवर माझं नाव घालेन आणि अकोल्याच्या माणसाला दिलेली शिक्षा स्वतःला देईन. फोरम चालवायचा की नाही, ते त्या लोकांनी ठरवावं.

एक गोष्ट मात्र ऐका. तुमच्या शेवटच्या मजकुरात चंद्रीच्या नावेत लग्नाचं वऱ्हाड होतं. नाव फार हळू चालवते म्हणून नवरदेवाचा मामा तिला बोलला, तेव्हा तिने भर नदीत वल्हं खाली ठेवलं : "घ्या, आता तुम्हीच ढकला." मला ते सहन झालं नाही. माझ्या पहिल्या चार ओळींत मी ते वऱ्हाड काठाला लावलं होतं. त्या ओळी आता चंद्रीच्या नाहीत, म्हणून आजपासून ते पुन्हा पाण्याच्या मधोमध असेल, मामा ओरडत, चंद्री हाताची घडी घालून. मी रोज ते वाचेन, आणि बोट लावणार नाही.

तुमचा,
मुकुंद