सुरूरचं काम

अलेक्झांड्रिया
शनिवार, १८ एप्रिल

प्रिय अबीह वजीह,

सलाम. गुडघा कसा आहे? साखर तपासतोस, की तपासली म्हणून डॉक्टरांना नुसतं सांगतोस? इकडे सगळे ठीक. दोन दिवस वाळूचा वारा सुटलाय. खिडक्या लावल्या तर जीव गुदमरतो, उघडल्या तर जेवणात कचकच. लेक गादा आणि जावई शाझली मजेत आहेत. शाझलीच्या औषधांच्या दुकानात खोकल्यावाल्यांची रांग लागलीय, तेवढाच त्याला या वाऱ्याचा फायदा.

हे सगळं फोनवर दोन मिनिटांत झालं असतं. पण गादाचा फोन तू मध्येच ठेवलास आणि माझा उचलतच नाहीस. पंच्याऐंशीव्या वर्षी थोरला भाऊ, आपला अबीह, रुसून बसला की धाकट्या बहिणीने काय करायचं? पत्र लिहायचं. लिहिते. माझं अक्षर तुला लागतं, तेव्हा ती सबब सांगू नकोस.

आधी तुझ्या प्रकाशकांचं. ‘गच्चीवरची टोळी’ची नवी आवृत्ती तू पाकीट न फोडता परत पाठवलीस, म्हणून त्या लोजैन नावाच्या मुलीने ती माझ्याकडे धाडली. मी चष्मा पुसून सगळी वाचली आणि हात टेकले. पुस्तकातल्या शुक्री बेकची, त्या बड्या साहेबाची, सिगारेट गेली. गाढवाला मारलेली छडी गेली. मावशीने मारलेली चापट जाऊन तिथे मावशी ‘शांतपणे समजावते’. आपल्या मावशीला तू ओळखतोस, मीही ओळखते. ती शांतपणे नुसती झोपायची. मुलं समुद्रावर पळून जातात तिथे आता ‘घरच्यांच्या परवानगीने’ असं घातलंय. परवानगी काढून गेली तर ती टोळी कसली, शाळेची सहल झाली!

आणि सुरूर. आपल्या इमारतीचा दारवान सुरूर, ज्याच्याशिवाय एकही प्रकरण पुढे सरकत नाही, त्याचा त्यांनी पोपट केलाय. थट्टा करत नाहीये मी. जिन्याखाली आता पिंजरा आहे आणि त्यातला पोपट टोळीला किल्ल्या आणून देतो. मी हे जेवताना वाचून दाखवलं. शाझलीने शांतपणे भाकरीचा तुकडा मोडला आणि म्हणाला, “चला. इतकी वर्षं लोक आम्हा काळ्यांना हसत होते, आता आम्ही उडूनच गेलो. ही पण प्रगतीच म्हणायची.” गादाला हसू आवरेना. मला आवरलं.

मी त्या लोजैनला फोन करून चांगलं सुनावलं. बिचारी म्हणते, “मॅडम, कोणाचं मन दुखू नये म्हणून केलं.” म्हटलं, “अगं, दारवानाला पुस्तकातून हाकलून दिलंस, त्याचं मन नाही का दुखणार?”

तेव्हा मी त्यांच्या बाजूची आहे असं समजू नकोस. पण तुझ्या बाजूची आहे असंही समजू नकोस! टीव्हीवर पायावर पाय टाकून बसलास आणि म्हणालास, ‘माझ्या सुरूरवर तीन पिढ्यांनी प्रेम केलंय. हल्लीच्या लोकांची कातडीच पातळ झालीय.’ या विषयावर बोलताना माणूस ‘कातडी’ हा शब्द तरी जपून वापरेल. शाझली शेजारीच बसला होता. त्याने उठून आवाज कमी केला आणि कॉफी टाकायला गेला. मी पडद्यावरच्या तुला जे काही म्हणाले ते लिहीत नाही, आईने शिकवलेलं नव्हतं ते.

पुस्तक वाईट असतं तर प्रश्नच नव्हता, रद्दीत दिलं असतं. पण वादळात कबुतरांची खुराडी सोडायला सुरूर एकटा गच्चीवर जातो ते पान अजून मी दोनदा वाचल्याशिवाय उलटत नाही. इतकं लिहिता येत होतं तुला. मग त्याच माणसाला पुढच्या पानावर निळीच्या टबात का पाडलंस? तो ओला होऊन उठतो, आणि शुक्री बेक म्हणतात, ‘अरे काळ्या, तुझ्यावर तर नीळसुद्धा चढत नाही!’ आणि सगळी गच्ची हसते. सुरूरही हसतो. ते वाक्य तू शाईने लिहिलंस, बसून, विचार करून. वादळ आणि कबुतरं तेवढीच मनापासून लिहिलीस. मला याचा उलगडा होत नाही आणि या वयात डोकं फोडून घ्यायची ताकद नाही.

तर गुरुवारचं नाटक. निमंत्रण तुला मिळालंच आहे. शाळा दरवर्षीच ‘टोळी’ बसवते, यंदा ती तुझ्या वाढदिवसासाठी आहे, तू प्रमुख पाहुणा, केक आहे, शाल आहे. गादाची नब्रा त्याच शाळेत आहे हे तुला ठाऊक आहे. तिलाही नाटकात काम मिळालंय. खूश आहे पोर. आजोबा, तिचे गिद्दो वजीह, आपलं काम बघायला येणार म्हणून वर्गात सांगत सुटलीय.

इथवर लिहून मी भांडी घासायला उठले. सगळी घासून झाली. आता सबब उरली नाही, तेव्हा सांगते.

नब्राला सुरूरचं काम मिळालंय.

दरवर्षी एखाद्या पोराच्या तोंडाला बुचाची काजळी फासतात आणि सुरूर करतात, ते तुला माहीत आहे. नाटकाच्या बाई, मिस दौलत, मला फाटकापाशी भेटल्या. चांगल्या मनाची बाई आहे, तेच तर दुखणं आहे. माझा हात धरून म्हणाल्या, “इनायत हानिम, यंदा बूच जाळायचा त्रासच वाचला बघा! आणि काय गोड करते हो तुमची नात!” मी म्हणाले, “हो का.” चाळीस वर्षं वर्ग शिकवणाऱ्या बाईला एवढंच सुचलं.

घरी आल्यावर गादा पेटलीच. चप्पल घालून निघाली शाळेत. शाझलीने दार अडवलं. म्हणाला, “तिला काढलं तर का काढलं ते सांगावं लागेल. आठ वर्षांची आहे. कोण सांगणार? तू सांगशील?”

“उद्या कोणीतरी दुसरं सांगेल तिला!”

“सांगू दे. आपण सांगितलं असं नको व्हायला.”

गादा दाराशीच बसून रडली. मी मध्ये पडले नाही. शाझलीचे आजोबा याच शहरात जन्मभर दारवान म्हणून दुसऱ्यांच्या जिन्याखाली राहिले. त्याला मी काय शिकवणार?

काल शुक्रवार, दुकान दुपारी बंद होतं. मी स्वयंपाकघरात कोबीची पानं उकडत होते. बैठकीतून नब्राचा आवाज आला, “बाबा, तू बेक हो ना. मला पाठ करायचंय.” मला वाटलं तो काहीतरी कारण काढेल. पण त्याने कागद घेतले. पान उलटल्याचं मी ऐकलं. आणि मग वाचायला लागला. हळू, जसं गिऱ्हाइकाला गोळ्या कशा घ्यायच्या ते सांगतो तसं. “सुरूर. अरे काळ्या. कुठे मेलास.”

“आलो बेक, आलो!” असं ओरडत ती धावली आणि धपकन पडली. पडते फार छान, अबीह. मग उठली आणि म्हणाली, “बाबा, असं काय वाचतोस? मिस म्हणतात बेकने जोरात ओरडलं पाहिजे. ओरड ना! मला घाबरल्यासारखं वाटतच नाही.”

तो ओरडला. तुझं वाक्य आमच्या घरात, माझ्या जावयाने, स्वतःच्या लेकीवर, ती खूश व्हावी म्हणून. दोनदा ओरडावं लागलं, पहिल्यांदा तिला पसंत पडलं नाही. नंतर नीळ चढत नाही ते वाक्य आलं आणि ती नाटकातल्यासारखी खदखदून हसली, आणि हसता हसता थांबून म्हणाली, “बाबा, यात हसायचं काय आहे? मिस म्हणतात इथे हसायचं.”

“लिहिलंय तिथे तसं,” शाझली म्हणाला.

कोबीचं पातेलं खाली लागलं. वास येईपर्यंत मी तिथेच उभी होते.

तर आता माझं मागणं. पोपट नको, माफीनामा नको, टीव्हीवर जाऊन पुन्हा पायावर पाय नको. तू लेखक आहेस. लेखकाने ऐनवेळी प्रवेश बदलला तर कोणी कारण विचारत नाही, म्हाताऱ्याची लहर म्हणून मिस दौलत मुकाट्याने नवी वाक्यं वाटतील, आणि नब्राला काहीही सांगावं लागणार नाही. तिचं काम राहील, टाळ्या राहतील, पडणंसुद्धा ठेव, ते तिला आवडतं. उठल्यावर सुरूर काय म्हणतो तेवढं तू लिही. टोळीच्या नऊ पुस्तकांत तू त्याला कधी उलट बोलू दिलं नाहीस. त्याचं गाव कुठलं, त्याला मुलंबाळं किती, तेही कुठे आलं नाही. आता बोलू दे.

आणि तुला ते पटत नसेल, त्यातला एकही शब्द चुकीचा वाटत नसेल, तर एवढंच कर. बुधवारी दुपारच्या गाडीने ये. हॉटेलात उतरू नकोस, आधी घरी ये. नब्राला तालमीला कोणीतरी हवंच असतं. या खेपेला बेक तू वाच. तिच्यासमोर बस, चष्मा लाव, तिच्या तोंडाकडे बघ आणि तुझं वाक्य म्हण. जोरात, नाहीतर ती पुन्हा म्हणायला लावेल. ते तुला जमलं तर गुरुवारी मी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवीन आणि मरेपर्यंत या विषयावर चकार शब्द काढणार नाही.

शाझली तुला घ्यायला स्टेशनवर येईल. मी सांगितलं नव्हतं, तो स्वतःच म्हणाला, गुडघ्याचं दुखणं आहे, एकटे कसे येतील.

नब्राची आजी, आणि इतकं होऊनही तुझी बहीण,
इनायत