नुसता फ्लॅश

१३ ऑगस्ट २०२५, गारखेडा

फोटोचे रोल बनवणारी कंपनी म्हणते, वर्षभर तग धरू याची खात्री नाही! चाळीस वर्षं हिचेच रोल वापरून स्टुडिओ चालवला. पेपरात चार ओळी — त्याही आतल्या पानावर. विश्वजीतला दाखवल्या. "बाबा, रोल अजून मिळतात?" हा माझा मुलगा! शेंद्र्याच्या कारखान्यात असतो, मशीनशिवाय काही दिसत नाही.

१४ ऑगस्ट

शफीभाईच्या कॅमेऱ्याच्या दुकानात गेलो. कृष्णधवलचे तीनच रोल उरलेत. "बद्रीसेठ, येच आखरी तीन. फिर आएंगे के नै, मेरेकू नै मालूम." भाव ऐकून तोंड कडू झालं. घेतले तिन्ही.

१५ ऑगस्ट

आता कंपनी म्हणते, काळजी नको, आम्ही आहोत. परवा मरायला टेकले होते, आज ठणठणीत! कुणाचं खरं धरायचं?

रोल फ्रिजमध्ये ठेवले होते, तर सूनबाईनं कोथिंबिरीखाली ढकलले. चिडलो मेघावर. एकशे आठ फोटो होतील, त्यातला एकही माणसांवर घालवायचा नाही. जन्मभर लग्नातली जेवून सुस्तावलेली तोंडं टिपली. आता शहराचे जुने दगडी दरवाजे टिपायचे. दगड तरी "माझे डोळे मिटले, परत काढा" म्हणत नाहीत.

१८ ऑगस्ट

नुसते ढग. दरवाजे राहिले.

२० ऑगस्ट

उद्या आमच्या हिचं, सरूचं ऑपरेशन. पित्ताचे खडे. चार दिवसांत घरी, म्हणाले डॉक्टर. सकाळी हिरवी साडी नेसून अंगणात खुर्ची टाकून बसली. "आवो, माझा एक काढा की. तुमच्या त्या जुन्या कॅमेऱ्यावर."

एका फोटोसाठी रोल चढवायचा? दरवाज्यांचा एक रोल मोडायचा? मग जुनी युक्ती केली. लग्नात कुणी उगाच स्टेजवर गर्दी केली, की आम्ही नुसता फ्लॅश उडवायचो. पाहुणा खूश, रोल शाबूत. रिकामाच कॅमेरा डोळ्याला लावला, फ्लॅश उडवला, रोल पुढे सरकवायचा खटकाही ओढला.

"आला का?"

"झकास आला!" — आणि घरात निघून आलो.

लाज वाटतेय, खरं सांगायचं तर. परत आली की खरा काढीन.

२१ ऑगस्ट

सरू गेली. ऑपरेशन चालू असतानाच हृदय बंद पडलं.

३० ऑगस्ट

आज दहावा. भिंतीवर लावायला मेघानं फोटो आणला. हिरवी साडी, अंगणातली खुर्ची. मोबाईलवर काढलेला. मला काही सुधरेना. कधी काढलास, विचारलं.

"त्याच दिवशी. तुम्ही आत गेल्यावर. आईच म्हणाल्या, 'ह्यांनी नुसता फ्लॅश मारला. रोल आत असला की खटक्याबरोबर डावीकडची चकती फिरती, ती फिरलीच नाय. तीस वर्सं रोल मीच चढवून दिले, मला कळत नाय व्हय? तू काढ एक. पर ह्यांना सांगू नगं, लई वाईट वाटंल.'"