उजव्या हाताची नखं

बाबा, आज सकाळी ओट्यावर नात गिटार वाजवत होती आणि माझ्या तोंडून तुमचंच वाक्य निघालं, "वाजवतेस की पेटी फोडतेस?" ती हसली, तिचे आजोबाही हसले. त्यांनीच शिकवलंय तिला. तुमचा जावई, ज्याच्यावर तुमचा शेवटपर्यंत संशय, तोच. मी चौथीपर्यंत शिकलेली, शुद्धलेखन बघू नका.

आणीबाणी उठली त्या साली हे बोटीवरची नोकरी सोडून आपल्या गावी, वटारला परत आले. स्पेनच्या बंदरात एका म्हाताऱ्या उस्तादापाशी ही गिटार शिकून आले होते. फ्लेमेन्को म्हणतात. आपल्याकडे लग्नात वाजते तसली नाही. गरम तेलात मासे सोडल्यासारखा तडतडाट, मधेच लाकडावर थाप, आणि मग एकच तार अशी रडते की हातातला विळा थांबतो. माझा थांबायचा. त्यांच्या कुंपणाजवळची केळीची पानं मी जरा जास्तच कापायचे, आणि तुम्हाला ते दिसायचं.

त्यांची आई त्यांना घेऊन मागणी घालायला आली, तेव्हा मी चुलीपाशी, चहा उतू जातोय, कान बाहेर. तुम्ही म्हणालात, "हात दाखव." डाव्या हाताची बोटं घट्टे पडून दगड झालेली, उजव्याची नखं बायकांसारखी लांब. मासळीचे कल्ले बघावेत तसे तुम्ही ते हात उलटेपालटे करताय. "डावा कष्टाचा, उजवा ऐतखाऊ. ह्यातल्या कुठल्या हातात मुलगी देऊ?" मग हात सोडलात. "नखं काप, माझ्या वाडीत ये, मग बघू." नखांशिवाय ती गिटार मुकी, हे मला ठाऊक होतं. हे नाही म्हणाले तर लग्न गेलं, हो म्हणाले तर वाजवणं.

राखेच्या बुधवारी, आपला चाळीस दिवसांचा उपवास सुरू होतो त्या दिवशी, हे कपाळावर राख आणि कापलेली नखं घेऊन दारात हजर! सगळा उपवासकाळ आपल्या केळींना पाणी घातलं, तण काढलं, एक सूर नाही. तुम्ही मागे मागे, हा कुठे टेकतो का बघत. मग पास्काच्या रविवारी उपवास सुटला, आपल्याकडे मटण वाढलेलं आणि कुंपणापलीकडून तडतडाट. तुम्ही ताटावरून उठून गेलात, मी मागून पळत. उजवा हात ओढून बघितलात, तर नखं परत वाढलेली!

"फसवलंस! उपवासात वाजवणं तसंही बंदच असतं. तू सोडलंस काय?"

"बाबा, मटण तुम्हीही सोडलं होतं. आज ताटात आहे ना?"

तुम्ही तोंड फिरवून घरी आलात. गार झालेलं मटण जेवलात आणि आईला म्हणालात, "इतके दिवस गप्प बसतो म्हणजे संसार करील. पण पोरीवर नजर ठेव."

हे पत्र मी थडग्यावर ठेवणार नाही. मेणबत्त्या लावायला हे बरोबर येतात, आणि त्यांना अजून वाटतं, तुम्ही त्यांच्या वाजवण्यावर भाळलात. वाटू दे. शिवाय, बाबा, त्या दिवशी तुम्ही नाही म्हणाला असतात तरी मी ह्यांच्याबरोबर गेलेच असते. माझ्या कपड्यांची पिशवी गोठ्यात गवताखाली होती. आईनेच नेऊन ठेवली होती.