तुझ्या जागी उभी राहिले तो दिवस

आई, तू चुलीपुढे भाकरी थापत गायचीस आणि मी परातीवर ताल धरायचे. बाबासाहेबांची गाणी तू स्वतः जुळवायचीस, लिहिता येत नव्हतं म्हणून मला पाठ करायला लावायचीस. घाईत एखादा शब्द खाल्ला की उलथनं रोखून म्हणायचीस, "शबद गिळू नको गो. पार मागं बसलेल्या बाईलापन कळला पायजे." पावसात लोकांच्या शेतावर लावणीची मजुरी आणि जयंतीच्या दिवसांत आपली गायन पार्टी. बाबा ढोलकीवर, मामा पेटीवर, मधे पांढऱ्या साडीतली तू. शहापूर-मुरबाडच्या कुठल्या पाड्यावर आपला टेम्पो गेला नाही?

मग कल्याणच्या कॅसेटवाल्याने तुला रेकॉर्डिंगला बोलावलं. तू त्या दिवसासाठी निळ्या काठाची साडी घेतलीस. पण गळ्यात गाठ निघाली आणि डॉक्टर म्हणाले, आधी ऑपरेशन. पट्टी सुटल्यावर तू गायला तोंड उघडलंस, तर नुसती हवा आली. "येल आवाज हळूहळू," बाबा म्हणाले. नाय आला.

मुरबाडच्या कार्यक्रमाची सुपारी आधीच घेतली होती. बाबा ती परत करायला निघाले, तेव्हा तू माझ्याकडे बोट दाखवलंस. मी तेव्हा शाळेत शिकत होते. स्टेजवर तू माझ्या मागे टाळ घेऊन बसलीस. दुसऱ्या कडव्याला मी अडखळते, आणि मागून कुजबुजत शब्द येतो. वळून बघते तर तुझे ओठ माझ्याबरोबर हलतायत, मान ताठ, गळ्याच्या शिरा फुगलेल्या, जणू सगळं मैदान तुलाच ऐकतंय. परतताना टेम्पोत तू ती निळ्या काठाची साडी माझ्या मांडीवर ठेवलीस. "आता तू नेस," एवढंच कुजबुजलीस आणि ताडपत्रीकडे तोंड करून रडलीस. रडण्यालाही आवाज नव्हता. पुढे ती गाठ परत आली आणि तुला घेऊन गेली.

मी अजून गाते. परवा डोळखांबला कार्यक्रम संपल्यावर एका म्हातारीने माझा हात धरला. "तुज्या आयला आयकलंय मी. तुजा आवाज डिट्टो तिचाच हाय गो." मी तिच्या पाया पडले. हे पाठवायला पत्ता नाही, तरी तुलाच सांगते. तुझा गाता आवाज मला आठवत नाही. कितीही डोळे मिटून बसले तरी फक्त ती कुजबूज येते. म्हातारी खरं बोलली की तिने माझं मन राखलं, मला कळायला मार्ग नाही.