घरात म्हणू नयेत ती भजनं

४ डिसें.
वंदनानं कंप्युटर माझ्या खोलीत मांडला. माइक, हेडफोन, अन् एक डबी, तिच्यातून आवाज आत जातो म्हणे. लेक इचोड्याला मास्तरीण, तिला नाही म्हणवत नाही. आवाज घुमू नये म्हणून भिंतींवर बायकोच्या गोधड्या टांगल्या. ही म्हणाली, "मानसाले पांघराले नाई, अन् भिंतीले गोधडी."

५ डिसें.
काल एक गोष्ट लिहायची टाळली. कंप्युटरात भरायची आहेत ती तिरडीपुढची भजनं. अकरा आहेत. गावात आता मला एकट्यालाच येतात. मागच्या महिन्यात आमच्या भजनी मंडळातला नागोराव गेला, तेव्हा स्मशानाच्या वळणावर माझा दम तुटला. पुढं सगळे मुक्यानंच चालले. तेव्हापासून वंदना मागे लागली आहे.
पण ही भजनं घरात म्हणत नाहीत. मयत नसताना तर नाहीच. आम्ही शिकलो तेही शेतात, गावाबाहेर. मला वाटलं कंप्युटर शेतात नेता येईल.
"वायर कुठं लावू बाबा, बोरीले?"

८ डिसें.
पहिलं म्हटलं. पंखा बंद, हायवेवरचा ट्रक जाईपर्यंत गप्प, तिनं बोट वर केलं की सुरू. तीनदा म्हणवलं. तिरडी एक नाही अन् भजन तीनदा! मग तपासायला लावलेली एक ओळ आपोआप पुन्हा पुन्हा वाजत राहिली. मी ओरडलो, बंद कर.
बाहेर येऊन आंघोळ केली, कडुलिंबाचा पाला चावला. मयतीहून आल्यासारखा. हिला काही सांगितलं नाही.

१० डिसें.
चार झाली. झोप नीट नाही.

११ डिसें.
हिला ताप. सकाळी चुलीजवळ बसली ती उठेना. भिंतीवरच्या दोन गोधड्या काढून अंगावर घातल्या. डॉक्टर म्हणाला, हवेचा ताप आहे. त्याला काय माहीत मी घरात काय म्हटलं ते.
वंदना आली तशी म्हटलं, पूस सगळं.
"पुसते. पन म्हटलेलं न म्हटलेलं होते का बाबा?"
मग पुसू दिलं नाही.

१३ डिसें.
ताप तसाच. त्यात जुनी माणसं सांगायची ते आठवलं. ही भजनं धरली की मधे सोडू नयेत, अर्धं राहिलेलं भजन माणूस शोधतं. चार झाली, सात राहिली. म्हणावं तरी भय, न म्हणावं तरी. हिला इचोड्याला वंदनाकडे ठेवून उरकावं, तर इतक्या तापात हलवू कसं. हिला दोन घासही गेले नाहीत.

१४ डिसें.
हिला कळलं. मी पाला चावून येतो ते रोज पाहत होती म्हणे.
"तुमच्या गान्यानं मराले मी का कोंबडी हाय? म्हना पुरी."
ताप उतरू दे म्हटलं.
"अन् माह्या वेळी कोन म्हनन? तुमचा दम त वळनावरच तुटते."
हसत होती. असं हसू नये.

१६ डिसें.
ताप कमी वाटतो. पण माझा त्यावर भरवसा नाही. दुपारी खोलीत गेलो तर ही खुर्ची घेऊन आधीच बसलेली. ऊठ म्हटलं, उठली नाही. "ऐकू द्या ना. तवा थोडंच ऐकू येनार हाय."
वंदनाचं बोट वर झालं. पाचवं धरलं. चांगलं लागलं, दम पुरला. शेवटच्या कडव्यात हिला खोकला आला. मी थांबलो नाही. मधे थांबायची हिंमत नव्हती.
वंदनानं हेडफोन माझ्या कानाला लावले. माझ्या आवाजामागं हिचा खोकला, दोनदा, अगदी साफ.
"तेवढं कापून काढता येते बाबा. काढू का आईले?"
तिरडीपुढच्या भजनात हिला राहू देऊ? की काढ म्हणू, माझ्या तोंडानं?
दोघीही माझ्याकडे पाहत होत्या. उद्या सांगतो म्हटलं.