पाणी आल्याची हाक

सौंदड
ता. १६ जून २०२४

ती. हिमांशूदादास,
गुंजनचा सा. न. वि. वि.

इकडे आईबाबा मजेत. फोन असताना पत्र कायले, असं तू म्हणशीलच. पण पोस्टमनच्या घरातलीच माणसं पत्रं लिहीत नाहीत, याचं बाबांना फार लागतं. आता थैलीत आधारचे आणि बँकेचे लिफाफेच असतात म्हणतात. शिवाय फोनवर तू हो-हो करून ठेवून देतोस. कागदावर तरी धड उत्तर देशील.

तर ऐक. बी.एस्सी. झाली. मला तुझ्यासारखे गेम बनवायचे आहेत. तू दिलेल्या जुन्या लॅपटॉपवर व्हिडिओ पाहून पाहून डोळे गेले. एक म्हणतो ही भाषा शीक, दुसरा म्हणतो ती टाकून दे. चार गेम सुरू केले, एकही पुरा झाला नाही. आई म्हणते, पोरगी दिवसभर चौकोन सरकवून राहिली, याले का नोकरी म्हणतात का. सुरुवात कुठून करू, ते सांग. पुण्यात राहून शिष्ट झाला असशील तरी सांग.

आईचा आशीर्वाद, बाबांचा शिक्का आणि माझा लोभ, तिन्ही या लिफाफ्यात आहेत. सांभाळून फोड.

तुझी,
गुंजन


पुणे
ता. ३० जून २०२४

चि. गुंजन हिस,
अनेक आशीर्वाद.

पहिला सल्ला, या धंद्यात येऊ नको. मी गेले कित्येक महिने काय करतो माहीत आहे? खेळणाऱ्याला नाणं मिळालं की ते कसं चमकावं, एवढंच. बाबांना वाटतं, पोरगा मोठा इंजिनिअर आहे. वाटू दे.

तू ऐकणार नाहीस, म्हणून पुढचं. मोठ्या गेमचं खूळ डोक्यातून काढ. एका पडद्यावर मावेल एवढाच खेळ घे, तोही तुला माहीत असलेल्या गोष्टीचा. राक्षस आणि तलवारी हजारोंनी पडल्या आहेत. भाषा कोणतीही चालते, फक्त दर आठवड्याला बदलू नको. चित्रं शेवटी. आधी चौकोनांनाच माणूस मान, धानाची बांधी मान. रोजच्या कामाची वेगळी प्रत ठेव, कारण उद्या तू ते बिघडवणार आहेस. आणि आवाजाला कमी समजू नको, अर्धा खेळ कानांत असतो.

मुख्य म्हणजे पुरा कर. मग आईला खेळायला दे. ती खेळत असताना मागे तोंड बंद ठेवून बस. इथं दाब, तिथं दाब म्हणायचं नाही. तिचे हात काय करतात ते बघायचं. ती चुकली तर चूक तुझी.

बाबांना सांग, शिक्का अगदी ठसठशीत उमटला होता. माया पातळ होऊ देऊ नका.

तुझा दादा,
हिमांशू


सौंदड
ता. ८ ऑक्टोबर २०२४

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पुरा झाला! एक तलाव, एक पाट, एकाखाली एक चार बांध्या. पाटाचं तोंड उघडायचं, बंद करायचं. पाणी कमी आहे. ज्याची बांधी आधी भरेल तो जिंकला.

तू सांगितलंस तसं आईच्या मागे तोंड शिवून बसले. ती प्रत्येक वेळी हरली. आपली बांधी अर्धी झाली की पाणी खाली सोडून द्यायची. मी न राहवून विचारलं, तर माझ्यावरच चिडली. म्हणाली, खाली धुरपताचा धान वाळून राहिला आन आपण जिंकलो कसे? असा कायचा खेळ काढला वो तू? दादा, मला लाजच वाटली. आता नियम बदलला आहे. सगळ्यात खालची बांधी भिजल्याशिवाय खेळ संपत नाही.

मग आईने दुसरी चूक काढली. पाणी खाली सोडताना हाक नाही दिली तर खालच्या बाईला कळणार कसं? धुरपताबाईने त्याच दिवशी युरिया टाकला असेल, तर वरचं पाणी यायच्या आत तिला बांधीभोवतीच्या धुऱ्याचं तोंड बुजवावं लागतं, नाहीतर सगळं खत नाल्यात जातं. म्हणून धुऱ्यावर जाऊन आईची हाक फोनमध्ये भरली. आधी लाजली, पुटपुटली. मग पदर खोचून असा गळा काढला, पाणी आला वोऽऽ, की धुरपताबाई खालून खरोखरच फावडं घेऊन धावत आली. पाणी नाहीच हे पाहून तिने आम्हा दोघींना जे झाडलं, ते या पत्रात लिहिण्यासारखं नाही.

ती हाक तुझ्या फोनवर पाठवली आहे. ऐकून सांग. जीव लावून चुका काढ आणि तसाच जीव लावत राहा.

तुझी,
गुंजन


पुणे
ता. २४ ऑक्टोबर २०२४

चि. गुंजन हिस,
अनेक आशीर्वाद.

कानाला लावून हाक तीनदा ऐकली. स्टेशनवर उतरून मी धुऱ्याधुऱ्याने घरी यायचो, तेव्हा आई बांधीतूनच मला ही हाक द्यायची. मी काय पाणी होतो? पण तिला दुसरी हाक येतच नव्हती.

तू माझ्यापेक्षा हुशार निघालीस. सगळं फोल्डर पाठव, आवाजाची मूळ फाइलही पाठव. चुका काढून परत देतो. कोणाला दाखवणार नाही, काळजी करू नको.

इथलं वातावरण बरं नाही. आमच्या रांगेतल्या निम्म्या खुर्च्या रिकाम्या झाल्या. साहेब रोज विचारतात, नवीन काय आणलं. नाण्याच्या चमकीवर किती दिवस निघणार? हे आईबाबांना सांगू नको.

थोरला म्हणून धाक नसला तरी चालेल, प्रेम असू दे.

तुझा दादा,
हिमांशू


सौंदड
ता. २ मार्च २०२५

ती. दादास,
नमस्कार.

तू चुका काढून देणार होतास, म्हणून सगळं फोल्डर पाठवून थंडीभर थांबले. फोन केला की कामात आहे म्हणायचास. मीही तुझ्या नोकरीची काळजी करत बसले. आता समजलं की नोकरी शाबूत आहे.

काल धुरपताबाईची सून रेणू पाटावर भांडी घासत होती. तिचा फोन बाजूला वाजत होता. त्यातून आईचा आवाज आला. आई सोबतच होती. आधी ती हसली, तिला वाटलं मी रेणूलाही आपला खेळ दिला. मग रेणूने दाखवलं. चार बांध्या, एक पाट, रंगीत चित्रं, नाणी. शेजाऱ्याचा धुरा फोडायचा, त्याचं पाणी आपल्याकडे वळवायचं. त्याची बांधी वाळली की नाणी चमकतात आणि आई ओरडते, पाणी आला वोऽऽ.

खाली तुमच्या कंपनीचं नाव होतं. नावांच्या रांगेत तूही होतास.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं. पोरं घरासमोर येऊन आईची नक्कल करून राहिली, मंदाबाई पाणी चोरते म्हणून. धुरपताबाई आईला पाहून वाट बदलून गेली. ती शिव्या देते तेव्हा बरं असतं, दादा.

माझं नाव नको. खेळही ठेव तुझ्याकडे. फक्त आईचा आवाज त्यातून काढ. एवढं एक कर, मी पुन्हा काही मागणार नाही.

आपल्यात काही उरलं असेल तर ते राहावं म्हणून हे लिहिलं.

गुंजन


पुणे
ता. ११ मार्च २०२५

चि. गुंजन हिस,
आशीर्वाद.

तू रागावली आहेस, ते समजू शकतो. पण नवख्या माणसाने एक गोष्ट लवकर शिकावी. या धंद्यात नुसत्या कल्पनेला कोणी विचारत नाही. बनवणाऱ्याचं सगळं असतं, आणि बनवलं आम्ही. तुझा खेळ शांत होता, साहेब म्हणाले की यात कोणी कोणाला हरवत नाही, मग लोक दुसऱ्यांदा का उघडतील. नियम त्यांनी बदलला, मी नाही.

आवाजाचं विचारून पाहिलं. लोकांना तोच सगळ्यात आवडला आहे, जाहिरातीतही तोच आहे. आता तो कंपनीचा झाला, माझ्या हातात काही नाही. आईला सांग, तिचा आवाज कुठे कुठे पोचला. तिला बरंच वाटेल.

अखाजीच्या सणाला येतो. समोरासमोर बोलू. मनात अढी ठेवू नको.

तुझा दादा,
हिमांशू


सौंदड
ता. २३ मार्च २०२५

श्री. हिमांशू चैतराम कापगते यांस,

तुमचं पत्र मिळालं. आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, बरं.

परवा उन्हाळी धानाला तलावाचं पाणी सुटलं. आपली बांधी अर्धी झाली, तसं आईने खालचं तोंड मोकळं केलं. हाक दिली नाही. धुऱ्यावर पोरं फोन घेऊन उभी होती, ती हाक देईल म्हणून वाट पाहत होती. आईने तोंडावर पदर धरला आणि उभी राहिली. धुरपताबाईने सकाळीच युरिया टाकला होता. तिच्या धुऱ्याचं तोंड उघडं होतं. सगळं खत वाहून नाल्यात गेलं. ती आली तेव्हा पाणी तिच्या बांधीतून बाहेर पडलं होतं. दोघी समोरासमोर उभ्या राहिल्या, एकीनेही शिवी दिली नाही. धुरपताबाईने आपलं फावडं उचललं आणि निघून गेली.

तुम्ही मला शिकवलं होतं, मागे तोंड बंद ठेवून बसायचं आणि हात काय करतात ते बघायचं. मी बसले, पाहिलं. ती चुकली तर चूक बनवणाऱ्याची, हेही तुम्हीच लिहिलं होतं.

माझा खेळ मी पुरा केला आहे. त्यात पाणी खालच्या बांधीपर्यंत जातं. आवाज काढून टाकला.

बाबा माझं प्रत्येक पत्र आधी मागून वाचायचे. हे वाचलं नाही. लिफाफा घेतला, शिक्का मारला आणि थैलीत टाकला.

अखाजीला खुशाल या. घर तुमचंही आहे. पण स्टेशनवरून धुऱ्याधुऱ्याने याल तेव्हा कान देऊन चालू नका. बांधीतून हाक येणार नाही. ती ऐकावीशी वाटली, तर तुमच्या कंपनीला मागा.

गुंजन चैतराम कापगते